चिपमध्ये काय नाही, हे कोण सांगणार?

२०११ ते २०१३ या काळात ज्यांनी अँड्रॉइड फोनवर सिनेमे पाहिले, त्यांना एमएक्स प्लेअर आठवत असेल. अ‍ॅप उघडलं की पुष्कळदा ते आणखी एक छोटं अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगायचं. त्याला कोडेक म्हणत, आणि प्ले स्टोअरवर त्याचे अनेक प्रकार असायचे : एक आर्म व्ही६साठी, एक आर्म व्ही७साठी, एक निऑन असलेल्या व्ही७साठी, एक खास टेग्रा-२साठी. फोन घेणाऱ्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दुकानदाराने रॅम सांगितली होती, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते सांगितलं होतं, 'ड्युअल कोअर' हे शब्द तर खोक्यावर ठळक छापलेले होते. त्या प्रोसेसरमध्ये निऑन आहे की नाही, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

निऑन म्हणजे आर्म प्रोसेसरमधल्या काही जादा आज्ञा. एका वेळी एका आकड्यावर काम करण्याऐवजी त्या आठ किंवा सोळा छोट्या आकड्यांवर एकदम काम करतात, त्यामुळे चित्र, आवाज आणि व्हिडिओ यांची कामं झपाट्याने उरकतात. एनव्हिडियाच्या टेग्रा-२ या चिपमध्ये दोन कॉर्टेक्स-ए९ कोअर होते, पण निऑन नव्हतं. कॉर्टेक्स-ए९च्या आराखड्यात ते घ्यायचं की गाळायचं, हे चिप बनवणाऱ्यावर सोडलेलं होतं आणि एनव्हिडियाने ते गाळलं. मोटोरोला झूम, गॅलेक्सी टॅब १०.१, एलजी ऑप्टिमस २एक्स ही त्या काळची महागडी यंत्रं याच चिपवर चालत. निऑन गृहीत धरून लिहिलेलं अ‍ॅप त्यांच्यावर चालवलं की प्रोसेसरला न कळणारी आज्ञा समोर यायची आणि अ‍ॅप तिथल्या तिथे बंद पडायचं. पुढच्या टेग्रा-३मध्ये कंपनीने निऑन घेतलं.

प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञांच्या यादीला इन्स्ट्रक्शन सेट म्हणतात. बेरीज कर, मेमरीतून आकडा उचल, अमुक अट खरी असेल तर तमुक ठिकाणी जा, अशा या बारीक आज्ञा. यादीचा एक भाग सक्तीचा असतो आणि दुसरा ऐच्छिक. आर्म कंपनी मुख्यतः चिप नव्हे, आराखडा विकते, आणि आराखडा घेणारा कारखाना ऐच्छिक भागांतून हवं ते निवडतो. प्रत्येक जादा सोय सिलिकॉनवर जागा खाते, थोडी वीज खाते, आणि काही सोयींसाठी परवान्याचे वेगळे पैसे पडतात. लाखोंनी चिपा बनवणाऱ्यासाठी दर चिपमागे वाचलेले दोन-चार पैसेही मोठे असतात. त्यामुळे गाळणं हा गुन्हा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गाळायचं कारखान्याने, वाचणारा पैसाही त्याचाच, पण नसलेल्या आज्ञेचा भुर्दंड प्रोग्राम लिहिणाऱ्याला आणि शेवटी सर्वांत स्वस्त यंत्र घेणाऱ्याला पडतो, आणि या दोघांनाही ते आधी धड कळवलेलं नसतं.

हा प्रश्न मोबाइलसोबत जन्मलेला नाही. इंटेलच्या ८०८६ला दशांश चिन्हाचे आकडे हाताळता येत नसत, त्यासाठी १९८० साली ८०८७ ही वेगळी चिप आली आणि मदरबोर्डवर तिच्यासाठी रिकामी जागा ठेवलेली असे. नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात, एम्बेडेड सिस्टिमचे धडे कित्येक बॅचेसनी एलपीसी २१४८ या चिपवर गिरवले. तिच्यातला कोअर आर्म७टीडीएमआय, १९९४चा. या नावातली अक्षरंच सोयींची यादी आहे : टी म्हणजे थंब, हा आखूड आज्ञांचा संच, डी म्हणजे डीबग, एम म्हणजे मोठा गुणाकार, आय म्हणजे चिपच्या आत डोकावण्याची सोय. यात भागाकार कुठेच नाही. सी भाषेत दोन आकड्यांमध्ये तिरपी रेघ मारली की कंपायलर गुपचूप भागाकाराचं एक छोटं फंक्शन जोडून देतो आणि ते वजाबाक्या व शिफ्ट करत उत्तर काढतं. विद्यार्थ्याला उत्तर बरोबर मिळतं, म्हणून खाली काय चाललंय ते दिसत नाही. पुढे कॉर्टेक्स-एम३मध्ये भागाकाराची आज्ञा आली, ती २ ते १२ चक्रांत काम संपवते. मोबाइलच्या बाजूला मात्र हा घोळ बराच काळ चालला. कॉर्टेक्स-ए८ आणि ए९मध्ये भागाकार नाही, नंतर आलेल्या ए७ आणि ए१५मध्ये आहे, आणि चौघेही आर्म व्ही७ या एकाच नावाखाली विकले गेले.

दशांश चिन्हाच्या आकड्यांची, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटची, गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तिथे आज्ञा असणं-नसणं एका प्रोग्रामपुरतं राहत नाही. फंक्शनला आकडे पाठवायचे ते साध्या रजिस्टरांतून की फ्लोटिंग पॉइंटच्या रजिस्टरांतून, हे आधीच ठरवावं लागतं. एका पद्धतीने बांधलेली लायब्ररी दुसऱ्या पद्धतीच्या प्रोग्रामला जोडता येत नाही, त्यामुळे अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम एका बाजूला जाते. २०१२च्या फेब्रुवारीत आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायची नेमकी इथेच पंचाईत झाली. त्याचा प्रोसेसर आर्म व्ही६चा होता, पण त्यात फ्लोटिंग पॉइंट युनिट होतं. डेबियन लिनक्सच्या दोन आवृत्त्या समोर होत्या : एकीला असं युनिट असण्याची अपेक्षाच नव्हती आणि दुसरीला ते हवं होतं, पण सोबत आर्म व्ही७ही हवा होता. पाय या दोन्हींच्या मध्ये सापडला. पहिली आवृत्ती चालायची, पण चिपमधलं युनिट वाया जायचं. दुसरी चालायचीच नाही. शेवटी माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी हजारो पॅकेजेस त्या एका बोर्डासाठी नव्याने कंपाइल केली आणि रास्पबियन जन्माला आलं. दोन माणसांनी स्वेच्छेने केलेलं ते काम पुढे जगभरच्या शाळा-कॉलेजांना पुरलं, त्यात आपलीही आली. एका एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ऐच्छिक सोयीच्या, असण्या-नसण्यामुळे किती मानवी श्रम खर्ची पडतात, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता शेताकडे वळू. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्ष बागायतदाराचं लक्ष पानावरच्या ओलीवर असतं. पान किती तास ओलं राहिलं, रात्री दव पडलं का, यावर डाऊनी या रोगाचा धोका ठरतो आणि फवारणी करायची की थांबायचं हे त्यावरून ठरतं. बागेत उभ्या केलेल्या छोट्या हवामान केंद्रांत तापमान, आर्द्रता, पानाची ओल यांचे सेन्सर असतात आणि ते वाचायला एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर. तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू काढायचा तर मॅग्नसचं सूत्र लागतं. त्यात लॉगॅरिदम आहे, १७.६२ आणि २४३.१२ हे स्थिरांक आहेत, म्हणजे सगळी दशांशांची आकडेमोड.

अशा यंत्रांत ईएसपी३२ हे नाव वारंवार येतं, आणि लोक ते एका चिपचं नाव समजतात. प्रत्यक्षात ते एक मोठं घराणं आहे. मूळ ईएसपी३२मध्ये एक्सटेन्सा एलएक्स६ कोअर असून त्याला फ्लोटिंग पॉइंट युनिट आहे. नंतरच्या ईएसपी३२-एस२मध्ये ते नाही. एस३मध्ये ते पुन्हा आलं, शिवाय व्हेक्टर आज्ञाही आल्या. सी३मध्ये कोअरच बदलला, रिस्क-फाइव्ह आला, आणि फ्लोटिंग पॉइंट परत गेलं. नावात फरक एका अक्षराचा आणि एका आकड्याचा, आत मात्र वेगवेगळे इन्स्ट्रक्शन सेट. मूळ चिप बाजारात मिळेना म्हणून बोर्ड बनवणाऱ्याने सी३ बसवली, तर जुना प्रोग्राम पुन्हा कंपाइल होतो, चालतो, उत्तरही तेच येतं, फक्त प्रत्येक दशांश गणित सॉफ्टवेअरमधून होतं.

दवबिंदूसाठी याने काय बिघडतं? माझं स्पष्ट मत आहे, काहीही नाही. दर १५ मिनिटांनी एकदा काही हजार चक्रं जादा गेली, तर कोट्यवधी चक्रांच्या गतीने चालणाऱ्या चिपला ती जाणवतही नाहीत. बागेतल्या यंत्राची बॅटरी संपते ती मोबाइल नेटवर्कवर माहिती पाठवताना आणि झोपेतही झिरपणाऱ्या विजेमुळे. तिथे फ्लोटिंग पॉइंट युनिटसाठी जादा पैसे मोजणं हा अपव्यय आहे. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या मोटारीच्या बेअरिंगवर कंपनाचा सेन्सर लावला, तर हिशोब उलटतो. सेकंदाला हजारो नमुने घ्यायचे, त्यांचं फूरिए रूपांतर करायचं, त्यातून बिघाडाची फ्रिक्वेन्सी वेगळी काढायची. इथे कॉर्टेक्स-एम४च्या डीएसपी आज्ञा आणि त्याचं ऐच्छिक फ्लोटिंग पॉइंट युनिट यांनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एम४वर दशांशांचा गुणाकार एका चक्रात होतो; एम०वर तोच गुणाकार म्हणजे सॉफ्टवेअर फंक्शनची बरीच पावलं. काम लवकर संपलं की चिप लवकर झोपते आणि बॅटरी वाचते. एम०च्या बाबतीत तर साधा पूर्णांकी गुणाकारही निवडीचा विषय आहे : चिप बनवणारा १ चक्राचा गुणक घेऊ शकतो किंवा जागा वाचवायला ३२ चक्रांचा. आज्ञा तीच, नाव तेच, वेग बत्तीस पट वेगळा.

सोय चिपमध्ये असूनही न मिळण्याचे प्रकार प्रयोगशाळेत नेहमी दिसतात. कॉर्टेक्स-एम४चं फ्लोटिंग पॉइंट युनिट सुरुवातीला बंद असतं. एका रजिस्टरमध्ये परवानगी लिहून ते चालू करावं लागतं, आणि ती ओळ राहिली की पहिल्याच दशांश आज्ञेवर चिप फॉल्टमध्ये जाते. दुसरा प्रकार कळायला अवघड. हे युनिट एकेरी अचूकतेचंच गणित करतं. सी भाषेत नुसतं १७.६२ लिहिलं तर ते दुहेरी अचूकतेचं धरलं जातं, मग त्या समीकरणाचं काम युनिट सोडून सॉफ्टवेअरकडे जातं. आकड्याच्या शेवटी एक एफ लावला की काम परत हार्डवेअरवर येतं. सोय वापरायचीही किंमत असते. इंटरप्ट आल्यावर एरवी ८ शब्द स्टॅकवर ठेवावे लागतात. फ्लोटिंग पॉइंट वापरात असेल तर २६ शब्दांची जागा राखावी लागते. कमी मेमरीच्या चिपमध्ये हे आधी मोजलेलं बरं.

काही कामांना यातलं काहीच लागत नाही, हेही विसरू नये. २०१५च्या सिंहस्थात, कुंभथॉन या उपक्रमातून, नाशिकच्याच एका शाळकरी मुलाच्या पुढाकाराने 'आशिओतो' नावाची यंत्रणा उभी राहिली होती. माणसं पायाखालच्या चटईवरून जातात, चटईतले दाब-सेन्सर पावलं मोजतात आणि आकडा मोबाइल नेटवर्कवरून पुढे जातो. १८ तासांत सुमारे ५ लाख माणसांची मोजणी या यंत्रणेने केली. अशा मोजणीला मुळात लागते ती तुलना आणि बेरीज, आणि त्या दोन्ही सक्तीच्या यादीत आहेत. २०२७च्या सिंहस्थासाठी कॅमेऱ्यातच माणसं ओळखणारी यंत्रं घ्यायची तर गोष्ट वेगळी. तेव्हा खरेदीच्या कागदात गिगाहर्ट्झ आणि रॅमच्या जोडीला प्रोसेसरचं नेमकं मॉडेल आणि त्यातल्या एक्स्टेन्शनची यादी मागून घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सर्वांत जास्त जीव मात्र मोबाइलमधल्या एका प्रश्नात गुंतलेला आहे, तो म्हणजे एन्क्रिप्शन. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर आतले फोटो, संदेश, बँकेची माहिती दुसऱ्याला वाचता येऊ नये, म्हणून साठवलेली सगळी माहिती कुलूपबंद ठेवायची. त्यासाठी एईएस ही पद्धत जगभर मान्य आहे. आर्म व्ही८मध्ये एईएससाठी खास आज्ञा आल्या आणि ज्या फोनमध्ये त्या होत्या तिथे एन्क्रिप्शनचा भार जवळपास जाणवेनासा झाला. पण आपल्याकडे लाखोंनी खपलेले स्वस्त फोन कॉर्टेक्स-ए७वर चालत. मीडियाटेकच्या एमटी६५८०मध्ये चार ए७ कोअर. २०१७च्या जिओफोनमध्ये वापरलेल्या क्वालकॉम २०५मध्ये दोन. ए७ हा आर्म व्ही७चा, त्याला एईएसच्या आज्ञा नाहीत. सॉफ्टवेअरने एईएस केलं की ते संथ चालतं, आणि तक्ते वापरून केलं तर कॅशच्या वेळेवरून गुपित फुटण्याची भीतीही असते.

यावर अँड्रॉइडने काय केलं? २०१५च्या अँड्रॉइड ६.०मध्ये एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, पण ज्यांचा एईएसचा वेग सेकंदाला ५० मेबीबाइटपेक्षा कमी आहे त्यांना सूट मिळाली. ही सूट ज्यांना मिळाली ते फोन कुणाच्या हातात होते, याचा विचार करावा. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची गाडी लावून भाव पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या, पहिला फोन घेतलेल्या विद्यार्थ्याच्या. महागडा फोन हरवला तर माहिती सुरक्षित, स्वस्त फोन हरवला तर उघडी, अशी ही वाटणी होती आणि तिच्या मुळाशी चिपमधल्या मोजक्या आज्ञा होत्या. ही वाटणी मोडली ती गुगलच्या पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स यांच्या अ‍ॅडिअँटम या पद्धतीने. फेब्रुवारी २०१९मध्ये गुगलने ती जाहीर केली. त्यांनी एईएस जवळपास बाजूला ठेवलं आणि मुख्य काम चाचा या सायफरकडे दिलं. तो फक्त बेरीज, बिट फिरवणं आणि एक्सऑर यांच्यावर चालतो, म्हणजे कुठल्याही प्रोसेसरच्या सक्तीच्या यादीत असलेल्या आज्ञांवर. कॉर्टेक्स-ए७वर ४०९६ बाइटांच्या तुकड्यासाठी दर बाइटमागे १०.६ चक्रं, एईएस-२५६-एक्सटीएसच्या पाचपटीहून वेगवान. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड १०पासून नव्या फोनांना वेगाची सूट उरली नाही, सगळ्यांना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. आज्ञा नाही म्हणून माणसाला सुरक्षेतून वगळायचं नाही, तर असलेल्या आज्ञांमध्ये बसेल असं गणित शोधायचं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो या कामाबद्दल.

आर्म व्ही८ आल्यावर निऑन आणि फ्लोटिंग पॉइंट यांचा प्रश्न बहुतांशी मिटला, ते गृहीत धरता येऊ लागले. एईएसच्या आज्ञा मात्र व्ही८मध्येही ऐच्छिकच राहिल्या, वेगळ्या परवान्यावर. त्यामुळे रास्पबेरी पाय ३ आणि ४ हे ६४ बिटांचे असूनही त्यांच्यात त्या नाहीत. पाय ५मध्ये आल्या. पाय ४वर घरचा फाइल सर्व्हर किंवा व्हीपीएन उभारणाऱ्याला डिस्क एन्क्रिप्शनचा वेग पाहून धक्का बसतो, तो यामुळे.

एन्क्रिप्शनचा दुसरा मार्ग नाशिकरोडलाच पाहायला मिळतो. इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होणाऱ्या ई-पासपोर्टच्या पुस्तिकेत एक संपर्कविरहित चिप असते. देशातला पहिला ई-पासपोर्ट २५ जून २००८ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांना देण्यात आला. सामान्य नागरिकांसाठी पथदर्शी टप्पा १ एप्रिल २०२४ रोजी सुरू झाला. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. विमानतळावरचा रीडर १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतून जी ऊर्जा देतो, तेवढ्यातच तिने सही तपासण्याशी संबंधित मोठमोठे गुणाकार करायचे. साध्या कोअरला ते झेपत नाही. म्हणून अशा सुरक्षा-चिपांमध्ये जादा आज्ञा वाढवण्यापेक्षा शेजारी वेगळा सह-प्रोसेसर ठेवतात, एक एईएससारख्या कामांसाठी, एक मोठ्या संख्यांच्या गणितासाठी. याचा फायदा असा की मुख्य कोअर लहान राहतो आणि गुपित किल्ली त्याच्या साध्या रजिस्टरांत येतही नाही. तोटा असा की तो वापरण्याची रीत दर उत्पादकाची वेगळी, म्हणून चिप आणि तिची ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा जोडीनेच घ्यावी लागते. ई-पासपोर्टसाठी प्रेसला जी जागतिक निविदा काढण्याची परवानगी मिळाली, ती चिप बसवलेला इनले आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम अशा दोन्हींची होती.

मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने काय करावं? जुना उपाय सक्तीच्या आज्ञांपुरतं लिहिण्याचा. तो सुरक्षित, पण महागड्या चिपची ताकद वाया घालवणारा. दुसरा उपाय एमएक्स प्लेअरचा, दर चिपसाठी वेगळी प्रत. तिसरा आणि बरा उपाय म्हणजे प्रोग्राम सुरू होताना विचारणं. लिनक्स आणि अँड्रॉइडमध्ये कर्नल प्रत्येक प्रोग्रामला सोयींची यादी देतो. ती वाचून वेगवान किंवा साधं फंक्शन निवडता येतं. फक्त ती यादी खरी असायला हवी. सॅमसंगच्या एस९+ या फोनच्या कर्नलने सांगितलं की अ‍ॅटॉमिक आज्ञा आहेत. प्रत्यक्षात त्या सगळ्या कोअरना येत नव्हत्या. एकाच चिपमध्ये मोठे आणि छोटे कोअर वेगवेगळ्या पिढीचे होते. प्रोग्राम छोट्या कोअरवर सुरू व्हायचा, आज्ञा चालायची. शेड्युलरने मोठ्या कोअरवर हलवला की बंद पडायचा. गो भाषेच्या रनटाइममध्ये या फोनसाठी खास अपवाद लिहावा लागला. असाच प्रश्न इंटेलला पडला, तेव्हा त्यांनी एल्डर लेक या प्रोसेसरच्या मोठ्या कोअरमधल्या एव्हीएक्स-५१२ आज्ञा बंद केल्या, कारण छोट्या कोअरमध्ये त्या नव्हत्या. सगळ्या कोअरना येतं तेवढंच प्रोग्रामला सांगावं, हा नियम आज मुख्य लिनक्स कर्नल पाळतो, आणि तोच बरोबर आहे.

आज्ञा आखतानाच जुन्या चिपांचा विचार करता येतो, हे आर्मने पॉइंटर ऑथेंटिकेशनमध्ये दाखवलं. परतीच्या पत्त्यावर सही करून हल्लेखोराला अडवणाऱ्या या आज्ञा आर्म व्ही८.३मध्ये आल्या. त्यांतल्या मुख्य आज्ञांना असे कोड दिले, जे जुना प्रोसेसर 'काही करू नकोस' असे वाचतो. एकच प्रत नव्या चिपवर संरक्षण देते आणि जुन्या चिपवर निमूट चालते. मेमरी टॅगिंगला ही युक्ती पुरत नाही, कारण तिथे मेमरीचाच आधार लागतो. ती सोय फोन वापरणाऱ्याला चालू करता आली ती २०२३च्या पिक्सेल ८पासून.

येत्या काळात मराठी वापरणाऱ्याला ज्याचा सर्वांत जास्त फरक पडेल, त्या आज्ञा डॉट प्रॉडक्टच्या. चार छोट्या आकड्यांच्या जोड्या गुणून त्यांची बेरीज एकाच आज्ञेत करायची, हे न्यूरल नेटवर्कचं रोजचं काम. आर्म व्ही८.२मध्ये त्या ऐच्छिक होत्या, व्ही८.४पासून सक्तीच्या झाल्या. कॉर्टेक्स-ए५३मध्ये त्या नाहीत. २०२१च्या दिवाळीत आलेल्या जिओफोन नेक्स्टमध्ये हाच कोअर आहे. इंटरनेट नसताना फोनने मराठी बोलणं ऐकून लिहावं, सुरगाण्याच्या पाड्यावर रेंज नसली तरी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवावा, ही कामं फोनच्या आतच व्हायची तर नेटवर्क लहान करावं लागतं आणि ते या आज्ञांवर चालवावं लागतं. आपल्या भाषेसाठी मॉडेल बनवणाऱ्यांनी त्याची चाचणी ए५३च्या फोनवर घ्यावी. नव्या फोनवर पळणारं मॉडेल तिथे अडखळत असेल, तर ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत ते पोचलेलं नाही.

शेवटी रिस्क-फाइव्ह, जिथे जवळपास सगळंच ऐच्छिक आहे. २०१०मध्ये बर्कलेला सुरू झालेल्या या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटचा गाभा चाळीसेक आज्ञांचा. बाकी सगळं एकेका अक्षराने जोडायचं. एम म्हणजे गुणाकार-भागाकार, ए म्हणजे अ‍ॅटॉमिक, एफ आणि डी म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, सी म्हणजे आखूड आज्ञा, व्ही म्हणजे व्हेक्टर. या मोकळीकीचे चटकेही बसले. ऑलविनरची डी१ ही चिप २०२१मध्ये व्हेक्टर आज्ञांसह आली, पण त्या मसुद्याच्या ०.७.१ आवृत्तीच्या होत्या. त्याच वर्षाअखेर मंजूर झालेली १.० आवृत्ती तिच्याशी जुळत नव्हती. म्हणून मोठ्या यंत्रांसाठी आता एकत्र गाठोडी बांधली जातात. ऑक्टोबर २०२४मध्ये मंजूर झालेल्या आरव्हीए२३ या गाठोड्यात व्हेक्टर आज्ञा सक्तीच्या आहेत आणि उबंटू २५.१०ने तीच किमान अट धरली. जुने बोर्ड त्यातून सुटले, ही त्याची किंमत.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने बनवलेला अजित प्रोसेसर स्पार्क व्ही८ या जुन्या, खुल्या मानकावर आहे. त्या मानकात फ्लोटिंग पॉइंट युनिट नसेल तर आज्ञा ट्रॅप होते आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते गणित सॉफ्टवेअरने करून देऊ शकते, अशी तरतूद आहे. अजितमध्ये मात्र युनिट घेतलेलं आहे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात, पण त्यांचा वेगा प्रोसेसर तिरुवनंतपुरमच्या केंद्राचा. त्यातली तेजस३२ ही चिप एरीज बोर्डांवर मिळते आणि तिचा इन्स्ट्रक्शन सेट आरव्ही३२आयएम असा लिहिलेला आहे. एवढ्या अक्षरांत विद्यार्थ्याला घेण्याआधीच कळतं : ३२ बिटांची, गुणाकार-भागाकार हार्डवेअरमध्ये, फ्लोटिंग पॉइंट नाही, अ‍ॅटॉमिक नाही, आखूड आज्ञा नाहीत म्हणून प्रोग्राम थोडा लांब होणार. वेग १०० मेगाहर्ट्झ, मेमरी २५६ केबी. लिनक्स चालवायचा असेल तर ही चिप नव्हे. बागेतली ओल मोजून पुढे पाठवायची असेल तर पुरेशी आहे.